पहाटे पाचला भुंकणारा कुत्रा: कारण कसं शोधायचं आणि उपाय काय

चिंचपान | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. पुण्यात कोथरूडला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दारासमोरच लिफ्ट. बीगल, नर, वय ३ वर्षं, वजन १३ किलो, नसबंदी झालेली. रोज पहाटे पाच-सव्वापाचला भुंकायला लागतो आणि वीसेक मिनिटं थांबत नाही. झोपतो हॉलमध्ये, मुख्य दाराशेजारी. रात्रीचं जेवण साडेसातला, शेवटची फेरी साडेनऊला. भुंकायला लागला की घरातलं कोणीतरी उठून त्याला खाली नेतं, वर आल्यावर साडेपाचला खायला देतं.

शेजारच्या घरात चार महिन्यांचं बाळ आहे, त्यामुळे हे लवकर थांबायला हवं. दुकानदाराने विजेचा झटका देणारा पट्टा सुचवला. तो वापरायचा नाही, एवढं नक्की. बाकी काय करता येईल, क्रमाने सांगाल का?

शिट्टी | सोमवार, रात्री १०:२५

एवढी नेमकी माहिती दिलीत ते बरं केलंत. तरी उपायाआधी सात दिवसांची नोंद करा. पहाटेचं भुंकणं हे एकच दुखणं नसतं. चार-पाच वेगवेगळी कारणं सारखीच दिसतात, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला चिघळवतो.

जुना मोबाइल चार्जरला लावून रात्री हॉलमध्ये ठेवा, साडेचारपासून सहापर्यंत रेकॉर्डिंग चालू. सकाळी ऐकून वहीत लिहा: पहिला आवाज किती वाजता, त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत बाहेर काय वाजलं, तोंड कुठे होतं, आणि शेवटी कशाने थांबला.

भुंकण्याची जातही कानाला कळते. इशाऱ्याचं भुंकणं जाड आवाजात, दोन-चार झटपट, मग थोडं थांबून पुन्हा, तोंड दाराकडे. मागणीचं भुंकणं एकेक सुटं, सारख्या अंतराने, तुमच्या खोलीकडे बघून. मध्ये थांबून तो कानोसा घेतो. शूची घाई असेल तर आधी कुंई-कुंई आणि येरझाऱ्या, भुंकणं नंतर. एकटेपणाचं असेल तर आवाज चढत जातो आणि शेवटी हेल निघतो.

तुमच्या वर्णनात एक गोष्ट आत्ताच ठळक दिसते. भुंकला की माणूस उठतो, मग बाहेर फिरणं, मग खाणं. कुत्र्याच्या हिशेबात हे चोख काम आहे आणि त्याची मजुरी रोज वेळेवर मिळते. सुरुवात कशानेही झालेली असो, वीस मिनिटं चालू राहतं ते या मजुरीमुळे.

कडुनिंब | मंगळवार, सकाळी ७:१५

दवाखान्याच्या बाजूने. हे भुंकणं नवीन असेल, म्हणजे आधी शांत झोपणारा कुत्रा गेल्या महिना-दोन महिन्यांत उठायला लागला असेल, तर शिकवण्याआधी तपासणी करा.

घरी करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे पाणी मोजणं. सकाळी मोजपात्राने दीड लिटर पाणी भांड्यात आणि बाजूला बाटलीत मिळून ठेवा, चोवीस तासांनी उरलेलं मोजा. असं तीन दिवस. दर किलो वजनाला साधारण ५० ते ६० मिली हे नेहमीचं प्रमाण, म्हणजे तुमच्या १३ किलोच्या कुत्र्याला ६५० ते ७८० मिली. कोरडं खाणं आणि मे महिना असेल तर थोडं जास्त. पण किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे १३०० मिलीपुढे जात असेल तर मधुमेह, मूत्रपिंड, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) यांसारखे आजार तपासावे लागतात. असा कुत्रा पहाटे उठतो तो मूत्राशय भरल्यामुळे. तिथे शिकवण्याचे उपाय काही करणार नाहीत.

सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना घ्या. धार सुरू झाल्यावर मागून स्वच्छ पळी पुढे करायची, बाटली धरायला गेलं की कुत्रा थांबतो. नमुना दोन तासांत पोहोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी द्या.

दुसरं, पहाटे तोंड चाटणं, सारखं गिळणं, गवत खायला धावणं, अधूनमधून पिवळ्या फेसाची उलटी: हे रिकाम्या पोटातल्या पित्ताचं लक्षण. तिथे दिवसाच्या खाण्यातलाच दहावा हिस्सा काढून रात्री साडेदहाला द्या. बऱ्याच कुत्र्यांना तेवढ्याने आराम पडतो. उलट्या चालू राहिल्या तर डॉक्टर.

तिसरं सहसा कोणी सांगत नाही. कातडीच्या खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का? त्या गोळ्यांनी तहान, लघवी आणि भूक तिन्ही वाढतात. पहाटेचं उठणं औषधाच्या तारखेपासून सुरू झालं असेल तर डॉक्टरांना सांगा, ते वेळ किंवा मात्रा बदलतील. गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

आणि कळकळीची विनंती: झोप लागावी म्हणून घरातली सर्दीची किंवा झोपेची गोळी देऊ नका. दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉल, आयब्रुफेन तर मुळीच नाही. कुत्र्याच्या शरीरात ही औषधं विषासारखी वागतात.

मधलीआळी | मंगळवार, सकाळी ११:०५

आवाजांच्या बाजूने भर. सोसायटीची पहाट आपल्याला शांत वाटते, कुत्र्याला ती भरगच्च असते. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, आणि बारीक आवाज कितीतरी लांबून. पावणेपाचला वॉचमन पाण्याची मोटर लावतो, पाचला दूधवाला, सव्वापाचला गाड्या पुसणाऱ्यांच्या बादल्या, साडेपाचला पेपर. यातला प्रत्येक जण दारापाशी येतो, कुत्रा भुंकतो, आणि तो माणूस निघून जातो. कुत्र्याची खात्री पटते की आपण हाकलला. रोज जिंकणारा पहारेकरी काम सोडत नाही.

सात दिवसांची वही हातात आली की दोन गोष्टी ताडून बघा. एक, वेळ ऋतूप्रमाणे सरकते का? पुण्यात जूनच्या सुरुवातीला सूर्योदय सहाच्या सुमारास, जानेवारीत सातनंतर, आणि फटफटतं त्याच्या अर्धा तास आधीच. उन्हाळ्यात पाच-साडेपाचला आणि थंडीत साडेसहाला भुंकत असेल तर कारण उजेड. बारा महिने एकाच वेळी भुंकत असेल तर कारण माणसं. दोन, दूधवाल्याच्या खाड्याच्या दिवशी काय होतं? भुंकणंही उशिरा होत असेल तर धागा सापडला. खाड्याच्या दिवशीही त्याच वेळी भुंकत असेल तर सवय किंवा भूक.

आता कामाचं. कुत्र्याची गादी दारापासून हलवा, मध्ये निदान दोन भिंती येऊ द्या. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि लोक तो सगळ्यात शेवटी करतात. दाराखालची फट मोजा. दहा-बारा मिलिमीटर असेल तर हार्डवेअरच्या दुकानात दाराला खालून लावायची रबरी किंवा ब्रशची पट्टी मिळते, दाराच्या रुंदीइतकी कापून स्क्रूने लावा. कुत्रा नाक फटीला लावून झोपतो तेव्हा जिन्यावर कोण आलं ते त्याला वासावरून आधी कळतं. पट्टीने आवाज आणि वास दोन्ही अडतात.

दुधाची पिशवी कडीला अडकवतात तेव्हा कडी दारावर आपटते. कडीमागे फेल्टचा तुकडा चिकटवा, किंवा दूधवाल्याला सांगून पिशवी खाली वॉचमनच्या केबिनजवळच्या खुंटीला अडकवायची सोय करा. पेपर भिरकावण्याऐवजी पायपुसण्यावर ठेवायला सांगा. ही माणसं पहाटे चार-चार इमारती करतात. नीट सांगितलं तर ऐकतात, फर्मावलं तर नाही.

कुत्र्यापासून दीड-दोन मीटरवर टेबल फॅन चालू ठेवा, वारा अंगावर नको, नुसती एकसुरी घरघर हवी. बारीक खडखडाट त्यात बुडतो. रेडिओ नको, त्यातले आवाज चढ-उतार करतात आणि मधेच निवेदक बोलला की कुत्रा दचकून उठतो.

ओसरी | मंगळवार, दुपारी १:३०

इतकं कशाला? सरळ दुर्लक्ष करा. आठ दिवस कोणी उठलंच नाही तर आपोआप बंद होतं.

शिट्टी | मंगळवार, दुपारी ३:५०

ओसरी, दुर्लक्षाचा उपाय खरा आहे, पण फक्त मागणीच्या भुंकण्यावर, आणि तोही अर्धवट केला तर उलटतो.

दिवा विझताना मोठा होतो, तसं मजुरी बंद झाल्यावर भुंकणं आधी वाढतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वीस मिनिटांचं चाळीस मिनिटं होतं. नेमकं त्याच दिवशी कोणीतरी वैतागून उठतं. कुत्रा त्यातून शिकतो की वीस मिनिटं पुरत नाहीत, चाळीस लागतात. मग पुढच्या वेळी तो चाळीसपासूनच सुरू करतो. शेजारी तान्हं बाळ असताना ते चाळीस मिनिटांचे दिवस निभावता येत नाहीत, म्हणून चिंचपान यांच्यासाठी हा रस्ता नको.

इशाऱ्याच्या भुंकण्याला तर तुमच्या लक्ष देण्या-न देण्याने फरकच पडत नाही. तिथे मजुरी देणारा दूधवाला आहे. आणि पिल्लू, म्हातारा, आजारी किंवा घाबरलेला कुत्रा यांच्याकडे दुर्लक्ष करणं हा अन्याय आहे.

आतून ओरडून गप्प करणंही बंद करा. आपण ओरडतो तेव्हा कुत्र्याला वाटतं, घरातले सगळेच आपल्यासोबत भुंकताहेत.

रानजाई | मंगळवार, सायंकाळी ६:१०

याच विषयात विचारते. लॅब्राडोर पिल्लू, ३ महिन्यांचं, ठाण्यात फ्लॅट. रात्री बाल्कनीला लागून खोक्यात झोपतं, साडेचारला केविलवाणं ओरडतं. यालाही हेच नियम?

कडुनिंब | मंगळवार, सायंकाळी ७:००

नाही, रानजाई ताई. पिल्लाचा हिशेब वेगळा. वय जितके महिने, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते शू धरू शकतं. तीन महिन्यांचं म्हणजे चार तास. अकराला झोपलं आणि साडेचारला ओरडलं तर त्याने साडेपाच तास धरलं, ही शाबासकीची गोष्ट आहे.

त्याने ओरडण्याआधी तुम्ही उठा: एकदा अडीचला, एकदा पाचला. दिवा न लावता उचलून ठरलेल्या जागी न्यायचं, शू झाली की हळू आवाजात एकदा शाबास, परत खोक्यात. खेळ नाही, खाऊ नाही. दर आठवड्याला अडीचची वेळ पंधरा-वीस मिनिटं पुढे सरकवा, दोन-अडीच महिन्यांत ती फेरी गळून पडते. लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत खाली रस्त्यावर न नेता बाल्कनीत किंवा न्हाणीघरात जागा ठरवा.

खोकं तुमच्या पलंगाशेजारी आणा. आठ-दहा आठवड्यांपर्यंत भावंडांच्या ढिगात झोपलेलं ते पिल्लू आहे, पहाटेच्या गारव्यात एकटं जागं झालं की ओरडणारच. हात खाली सोडला की वास मिळतो आणि बऱ्याचदा तेवढ्यावर झोपतं. पाण्याचं भांडं झोपण्याआधी तासभर उचललं तर चालतं, पण कडक उन्हाळ्यात तेही करू नका.

रानजाई | मंगळवार, सायंकाळी ७:२०

धन्यवाद! आजच खोकं आत आणते.

शिट्टी | मंगळवार, रात्री ९:३०

चिंचपान, नोंद चालू असतानाच सुरू करता येईल असा लिफ्टच्या आवाजाचा सराव लिहून ठेवतो. पहाटे हे शिकवता येत नाही, दिवसा पोट अर्धं भरलेलं असताना शिकवायचं.

लिफ्टचं जाळीचं दार सरकतानाचा आवाज मोबाइलवर तीन-चार सेकंदांचा रेकॉर्ड करा. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याच्या डाळीएवढे पंधरा तुकडे वाटीत घ्या. आवाज सगळ्यात कमी ठेवून वाजवा, कान वळला की लगेच तुकडा. पाच वेळा झालं की अर्धा मिनिट थांबा, मग पुन्हा पाच. असे तीन फेरे, दिवसातून दोनदा, एका वेळी तीन-चार मिनिटं पुरे. इतका खाऊ मोजून दिवसाच्या खाण्यातून तेवढं कमी करा; खाऊ दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये.

नजर कुत्र्याच्या तोंडावर ठेवा. आवाज येतो, आधी एक कान वळतो, मग डोकं. उघडं, सैल तोंड असेल तर ते मिटतं, श्वास क्षणभर थांबतो, शेपटी मुळापासून ताठ होते. मग गालातून ‘हफ्’ असा नुसता वारा सुटतो, आणि त्याच्या मागोमाग भुंकणं. तुकडा कान वळण्याच्या क्षणी पोहोचला पाहिजे. तोंड मिटल्यावर दिलात तर उशीर झाला, ‘हफ्’नंतर दिलात तर तुम्ही भुंकण्यालाच पैसे दिलेत. पाचपैकी चार वेळा आवाजानंतर तो दाराकडे न बघता तुमच्याकडे बघायला लागला की मगच मोबाइलचा आवाज एक पायरी वाढवा. भुंकला तर तुमची चूक: दोन पायऱ्या खाली या.

यात हमखास चुकतं ते असं. वाटीचा खडखडाट आधी आणि आवाज नंतर असा क्रम झाला तर कुत्रा वाटी शिकतो, लिफ्ट नाही. दुसरं, मोबाइलवर पास झाला म्हणून लोक थांबतात. खऱ्या लिफ्टची भिंतीतून येणारी थरथर मोबाइलमध्ये नसते. म्हणून शेवटचे चार-पाच दिवस घरातल्या माणसाला बाहेर पाठवून खरं दार सरकवायला लावा, पिशवी कडीला अडकवायला लावा, आणि आत तुकडे चालू ठेवा.

कोजागिरी | बुधवार, सकाळी ८:४५

म्हाताऱ्या कुत्र्यांबद्दल दोन शब्द, कारण हा धागा वाचून कोणी दहा-बारा वर्षांच्या कुत्र्यावर हेच उपाय करायला जाईल.

मेंदू थकलेल्या कुत्र्याचा दिवस-रात्रीचा ताल बिघडतो. दिवसभर झोपतो, पहाटे तीन-चारला उठून घरभर फिरतो, कोपऱ्यात तोंड घालून उभा राहतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूने बाहेर पडायला बघतो, मग भुंकतो. हे भुंकणं कोणाला उद्देशून नसतं. ऐकू कमी आलं की स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून तो मोठ्याने भुंकतो. त्याच्यासाठी मिट्ट काळोख नको, कमी उजेडाचा रात्रीचा दिवा हवा. गादीपासून पाण्यापर्यंत फरशीवर रबरी चटई घाला, कारण गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात आणि उठता न आल्याने तो हाक मारतो. सांध्यांची तपासणी करून घ्या. दुखणं आणि बुद्धिभ्रंश दोन्हींवर औषधं आहेत, ती डॉक्टर ठरवतील. दिवसा दोन-तीन वेळा उन्हात हळूहळू चालवून आणा, म्हणजे रात्र आणि दिवस थोडे वेगळे राहतात.

अशा कुत्र्याजवळ उठून जायला हरकत नाही. हात फिरवा, पाणी दाखवा, पुन्हा गादीवर न्या.

ओसरी | बुधवार, दुपारी १२:१५

शिट्टी, दुर्लक्षाबद्दल लिहिलंत ते पटलं. बंगल्याचं सांगतो, कारण तिथलं दुखणं फाटकावर असतं.

जाळीचं किंवा गजांचं फाटक असेल तर पहाटे फिरायला निघालेला प्रत्येक माणूस कुत्र्याला दिसतो. फाटकाच्या खालच्या चार फुटांत पत्रा किंवा हिरवी शेडनेट दुहेरी करून तारेने बांधा. नेट एकेरी असेल तर आरपार सावल्या हलतात आणि कुत्रा आणखी चिडतो. रात्री दहा ते सकाळी सात कुत्रा ओसरीत किंवा घरात घ्या. रखवाली आतूनही होते. कुंपणावर झोपलेला कुत्रा चोरावर कमी आणि गल्लीतल्या कुत्र्यांवर जास्त भुंकतो.

भाद्रपदापासून गल्लीतल्या कुत्र्यांचा हंगाम सुरू होतो. त्या दिवसांत नसबंदी न झालेला नर रात्रभर कुंई-कुंई करतो, खात नाही, फाटक खणतो. हे भुंकणं नसबंदीने कमी होतं. दूधवाल्यावरचं भुंकणं मात्र नसबंदीने कमी होत नाही, त्या आशेवर राहू नका. कार्तिकात पहाटे काकड आरती चालू असेल तर शंखाच्या लांब सुरावर कुत्रे हेल काढतात. तो भीतीचा हेल नाही, शंख थांबला की थांबतो.

रखवालीच्या कुत्र्याला मुळीच भुंकू नको म्हणणं चूक आहे. तीन-चार वेळा भुंकू द्या, मग ‘बस’ म्हणून आत बोलवा, आला की खाऊ. हाकेला येण्याचा सराव दिवसा पक्का झालेला असेल तरच पहाटे चालतो.

मधलीआळी | बुधवार, सायंकाळी ५:३०

वस्तूंबद्दल कोणी तरी विचारणारच, म्हणून लिहून ठेवते.

झटक्याचा पट्टा: झटका बसतो त्या क्षणी कुत्र्यासमोर जे असेल त्याच्याशी तो वेदना जोडतो. समोर दार असेल तर दार, बाळ रडत असेल तर बाळ. भुंकणं थांबून चावणं सुरू होण्याचा धोका यात आहे. वासाचा फवारा मारणारा पट्टा दुसऱ्या कुत्र्याच्या भुंकण्यानेही सुटतो, म्हणजे गुन्हा नसताना शिक्षा. भिंतीवरचं अल्ट्रासॉनिक यंत्र घरातल्या आणि शेजारच्या सगळ्याच कुत्र्यांना त्रास देतं. रात्रभर मुसकी बांधणं तर जिवावरचं आहे: कुत्रा जीभ काढून धापा टाकत अंग थंड करतो, तोंड बंद झालं की उष्माघात होऊ शकतो, उलटी झाली तर घुसमटतो. पग आणि शिह त्झू या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा धोका आणखी जास्त.

कायद्याचं थोडक्यात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते ६, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. हे आकडे परिसराच्या एकूण आवाजासाठी आहेत, पण एका कुत्र्याचं भुंकणं ८०-९० सहज जातं, हे लक्षात असू द्या. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, भुंकण्याच्या कारणावरूनही नाही. त्याच सूचना मालकांनाही शेजाऱ्यांना त्रास होऊ नये याची काळजी घ्यायला सांगतात. आणि तक्रार आली म्हणून कुत्र्याला बाल्कनीत आखूड साखळीने तासन्‌तास बांधणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

चिंचपान, बाळाच्या आईवडिलांना तोंडी माफीबरोबर कागदावर लिहून द्या: काय करतोय, कधीपासून, किती आठवडे लागतील, आणि फोन नंबर. त्यांच्याकडूनच वेळेची नोंद मागा. भिंतीपलीकडचा माणूस वेळा अचूक सांगतो.

चिंचपान | पुढचा सोमवार, रात्री ९:१०

सात दिवसांची नोंद. सहा दिवस पहिलं भुंकणं ५:०८ ते ५:१४ मध्ये, प्रत्येक वेळी आधी लिफ्टचं दार आणि कडीचा आवाज. गुरुवारी दूधवाल्याचा खाडा होता, त्या दिवशी ५:४१ ला, पेपर पडल्यावर. पहिली तीन-चार भुंकणी जाड, तोंड दाराकडे. मग दीड मिनिटानंतर सुटी-सुटी, तोंड बेडरूमकडे. पाणी तीन दिवसांचं सरासरी ७०० मिली. लघवीची तपासणी व्यवस्थित. पित्ताची लक्षणं नाहीत.

शिट्टी | पुढचा सोमवार, रात्री १०:००

याहून स्वच्छ नोंद मिळत नाही. दूधवाला त्याला उठवतो, आणि दीड मिनिटानंतर तो तुम्हाला उठवतो. दोन वेगळी भुंकणी आहेत, दोन्हींना वेगळा उपाय. एरवी एकेक बदल करून बघायला सांगितलं असतं, पण बाळासाठी सगळं एकदम सुरू करा.

उद्यापासून गादी बेडरूममध्ये किंवा आतल्या खोलीत, फॅन चालू, पडदा जाड, दाराला पट्टी, कडीला फेल्ट. लिफ्टचा सराव दिवसातून दोनदा.

अलार्म ४:५० चा लावा, म्हणजे सगळ्यात लवकरच्या भुंकण्याच्या अठरा मिनिटं आधी. तो झोपलेला असतानाच पट्टा अडकवा, मोठा दिवा न लावता, न बोलता जिन्याने खाली. शू झाली की पाच मिनिटांत वर, परत गादीवर. खाणं नाही. तीन दिवस याच वेळी. मग दर तीन शांत पहाटेंनंतर अलार्म दहा मिनिटं पुढे: ५:००, ५:१०, असा ६:१५ पर्यंत. चार आठवडे धरून चाला. कधी अलार्मच्या आधी भुंकला तर दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं मागे या, तिथून पुन्हा. मूळ कल्पना एवढीच: भुंकण्याआधी तुम्ही उठलात तर भुंकण्याला मजुरी मिळत नाही, आणि त्याच्या पोटाचीही कुचंबणा होत नाही.

खाणं फेरीपासून तोडा. पहिल्या दिवसापासून पावणेसातला, आणि वाटी भरण्याआधी किचनमधला टायमर वाजवा. आठवड्याभरात त्याला खाणं टायमरचं वाटायला लागेल, तुमच्या जागं होण्याचं नाही. सुरुवातीला भूक जाणवू नये म्हणून रात्रीच्या जेवणातला थोडा भाग साडेदहाला, शेवटची फेरीही तेव्हाच.

संध्याकाळ बदला. बीगलला नाकाचं काम हवं. साडेआठनंतर चेंडू फेकणं बंद, त्याने कुत्रा थकतो असं वाटतं पण उलट पेटतो. त्याऐवजी पंचवीस-तीस मिनिटं सैल पट्ट्याने हुंगत हुंगत फिरवा, जिथे थांबेल तिथे थांबा. घरी जुन्या टॉवेलमध्ये त्याच्याच खाण्याचे दाणे टाकून गुंडाळी करून द्या, उलगडून शोधायला पंधरा मिनिटं जातात.

चिंचपान | पुढचा सोमवार, रात्री १०:२०

उद्यापासून सुरू. दोन शंका. रविवारी अलार्म लावायचा का? आणि ६:१५ ला पोहोचल्यावर पुढे काय, जन्मभर अलार्म?

शिट्टी | पुढचा सोमवार, रात्री १०:४५

पहिले चार आठवडे रविवारीही लावा. दूधवाला रविवारी येतो, तुमच्या नोंदीत आहे.

६:१५ ला सलग दहा पहाटी शांत गेल्या की अलार्मची वेळ रोज थोडी मागेपुढे करा: ६:०५, ६:३०, ६:१५, ६:४०. त्यामुळे त्याच्या मनात ठरावीक मिनिट पक्कं होत नाही. नंतर तो जागा होऊन अंग ताणेल, जांभई देईल, तुमच्याकडे बघून पुन्हा मान टाकेल. ते दिसायला लागलं की अलार्म काढा. गादी मात्र परत दाराजवळ नेऊ नका, आणि लिफ्टचा सराव आठवड्यातून दोनदा पाच-पाच तुकड्यांचा चालू ठेवा. दिवाळीच्या फटाक्यांनी किंवा दूधवाला बदलल्याने घडी मोडली तर नव्याने पूर्ण चार आठवडे लागत नाहीत. शेवटच्या शांत वेळेच्या वीस मिनिटं आधी अलार्म लावून तिथून पुढे सरका.